राही आणि वॉर्डातलं शीड

राही इस्पितळात पहिल्यांदा आली ती चादरीच्या झोळीतून, आणि आली ती हसत. झोळीचा बांबू तिच्या बापाच्या आणि दिराच्या खांद्यावर होता. मागून तिची सासू गंगुबाई पदराने घाम पुशीत येत होती. मी पडवीच्या पायरीवर उभी होते. मला वाटलं, बाईच्या डोक्याला मार लागलेला दिसतो.

मार पायाला लागला होता. नडगी मोडली होती. आणि कारण काय, तर जांभळीच्या झाडावर चढून ही बाय खालच्या बायकांना सासूची नक्कल करून दाखवत होती. सासू नेमकी मागच्या वाटेने आली, झाडाखाली उभी राहिली, वर बघून कमरेवर हात ठेवले आणि सुनेच्याच आवाजात, सुनेच्याच हेलात म्हणाली, "सासूबाय, मी आत्ता येते हां, वाईच पानी भरून!"

"अगो, हुबेहूब मीच!" राही मला कळवळत सांगत होती आणि हसत होती. "मग फांदी कशी धरून ठेवणार? तूच सांग."

मी काय सांगणार! मी हातखंब्याकडच्या एका वाडीतली. भाऊ मुंबईला गिरणीत, वहिनीशी माझं पटेना, म्हणून इस्पितळात कामाला लागलेली. कोणी मोडका पाय घेऊन एवढं हसलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं. तिच्या नादाने मलाही हसू आलं आणि हातातलं औषधाचं भांडं सांडलं. आमची ओळख झाली ती अशी.

ते इस्पितळ आता नाही. रत्नागिरीच्या कडेला, समुद्राकडे तोंड करून, जांभ्या दगडाची एक लांबोडकी इमारत होती. गावातल्या चार पैसेवाल्यांनी मिळून बांधलेली. एका अंगाला बायकांचा वॉर्ड, दुसऱ्या अंगाला पुरुषांचा. आमच्यावर मोठ्या बाई म्हणजे मार्थाबाई. ताठ, स्वच्छ, आणि त्यांच्या चपलांचा आवाज ऐकला की आजाऱ्यांचा खोकलासुद्धा थांबायचा. डॉक्टर तरुण होते, मुंबईहून शिकून आलेले. माणूस चांगला, पण घाईत.

आणि त्या घाईत एक गोष्ट झाली होती, ती आम्हा कोणाच्या ध्यानातच नव्हती. आमच्याकडे आजाऱ्यांना नावं नसायची. "कोपऱ्यातला ताप", "खिडकीजवळचं गळू", असं आम्ही बोलायचो. राहीचं झालं "नवी तंगडी".

दुसऱ्याच दिवशी मार्थाबाईंनी मला वॉर्डाच्या त्या टोकावरून विचारलं, "कमळे, तंगडीला पेज दिलीस का?"

मी "हो" म्हणायच्या आत खाटेवरून आवाज आला. "बाय, तंगडी काय पेज खात नाय. पेज मी खाते. माजं नाव राही. तंगडीला काय ते तेल-बिल लावा."

सगळा वॉर्ड फिस्सकन हसला. मार्थाबाई हसल्या नाहीत. पण जाता जाता खाटेपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "राही, पेज जेवलीस?"

"जेवले, बाय. मीठ वाईच कमी होतं."

डॉक्टरांचीही पाळी आली. इस्पितळाला देणगी देणारे दोघे-तिघे पाहुणे त्यांनी वॉर्डात आणले होते. पायाला फळ्या कशा बांधल्यात ते दाखवायला म्हणून त्यांनी बोलता बोलता राहीच्या अंगावरचं पांघरूण उचललं. राहीने ते वरच्यावर धरलं.

"डागदरसायब, हाक मारून या," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. दारात आलेल्या शेजाऱ्याशी बोलावं तशी बोलली. "या खाटेला दार नाय, ते मला दिसतंय. पन घर तर माजंच हाय ना सध्या?"

डॉक्टरांचे कान लाल झाले. पाहुणे खिडकीतून समुद्र बघायला लागले. मग डॉक्टर घसा साफ करून म्हणाले, "राहीबाई, पाय दाखवता का?"

"आता दाखवते की!" म्हणून तिने पांघरूण स्वतः बाजूला केलं आणि पाहुण्यांना जांभळीपासून सगळी हकीगत सांगितली. एक पाहुणा हसता हसता खाटेच्या कडेवर बसला. त्या दिवसापासून डॉक्टर कोणाच्याही खाटेजवळ येण्याआधी खाकरायचे. जन्मभर खाकरायचे. नवे आजारी त्यांना खोकल्यावर औषध सुचवायचे.

राहीचा पाय जुळला, पण ती घरी गेली नाही. काठी टेकत टेकत ती म्हाताऱ्यांना भरवू लागली, तापातल्या पोरींची डोकी विंचरू लागली. मार्थाबाईंनी तिला विचारलं, "राहतेस का कामाला? शिकवीन मी." तिचा नवरा गंगाराम बोटीवर खलाशी. वर्षातून एकदा, शिमग्याला घरी येणारा. हुकूम विचारायचा तो सासूचा. गंगुबाई म्हणाली, "ठेवून घ्या, बाय. घरात राहिली तर परत झाडावर चढंल."

अशी राही आमच्यात आली आणि वॉर्डात वारं शिरलं. एखादी वाटी हातातून निसटून खाटांखालून गडगडत गेली की राही तिच्यामागे धावायची आणि वाटेतल्या प्रत्येक खाटेवरच्या बाईला नावाने हाक मारून विचारायची, "तुमच्याकडं आली का हो?" ज्यांना उठून बसता यायचं नाही त्या बायकासुद्धा मान उचलून खाली डोकवायच्या. मार्थाबाई "हळू! हळू!" करत तिच्यामागे असायच्या. कधी कधी मला वाटायचं, आपण इस्पितळात नाही, लग्नघरात आहोत.

पण तिचं हसू एकदा फार वाईट लागलं.

खेडकडून एक बाळंतीण आली होती. गोदा. शेतकऱ्याची बायको, अंगात ताप मुरलेला, बोलायची कमी. नियमाप्रमाणे तिचं लुगडं काढून घेतलं आणि इस्पितळाचा पांढरा झगा घातला. झगा गुडघ्याच्या जरा खाली येई. गोदाने जन्मात पोटऱ्या कोणाला दाखवल्या नव्हत्या. ती भिंतीला धरून उठली तेव्हा राही समोरून येत होती. तिच्या तोंडून निघून गेलं, "अगो बाय! ही तर पाद्रीबाबा दिसतेय!" आणि ती हसली. सवयीप्रमाणे दोनचार बायकाही हसल्या.

गोदा खाली बसली. झगा पायांवर ओढत बसली, पण तो पुरेना. मग ती रडायला लागली, आवाज न करता.

राहीचं हसू जागच्या जागी विझलं. ती माझ्याकडे बघत राहिली. तोंड असं झालेलं मी तिचं त्याआधी पाहिलं नव्हतं. मग ती आतल्या खोलीत गेली. मला वाटलं, रडायला गेली. ती बाहेर आली ती इस्पितळाचा झगा घालून! राही अंगाने उंच. तिला तो गुडघ्याच्या वरच थांबला. केस मोकळे, पोटऱ्या उघड्या, एका पायाला जांभळ्या वणाची खूण. अशी ती भर वॉर्डातून गोदाच्या खाटेपाशी गेली आणि तिच्यासमोर जमिनीवर बसली.

"आता हस तू," ती म्हणाली. "मी चुकले. हस मला."

गोदा हसली नाही. पण तिचं रडं थांबलं. राही सबंध दिवस त्या झग्यात वावरली. पेज वाढली, पाणी भरलं, औषधं दिली. दुपारी मार्थाबाई आल्या आणि दारातच थबकल्या. "हे काय सोंग?"

"बाय, वारा लागतोय पायांना," राही म्हणाली. "लाजेनं मरायला होतंय. आजारी मानसानं ह्यात बरं कसं व्हावं?"

मार्थाबाईंनी तिला नखशिखांत बघितलं. त्यांचा खालचा ओठ थरथरायला लागला. त्या गर्रकन वळल्या आणि पडवीत गेल्या. खांब धरून त्या हसत होत्या. मी डोळ्यांनी बघितलं. मार्थाबाई! मी धावत येऊन वॉर्डाला सांगितलं तेव्हा कोणाचा विश्वास बसेना. आणि गोदा, जिच्या तोंडून दोन दिवसांत शब्द निघाला नव्हता, तोंडावर हात ठेवून खुदकन हसली आणि राहीला म्हणाली, "वाईच खाली ओढ गो तो, मेले!"

त्या आठवड्यात नियम बदलला. बायकांनी आपलं लुगडं उकळत्या पाण्यातून काढून नेसायचं. राहीने मात्र स्वतःला वेगळा नियम घातला. हसायचं, पण आधी समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं. तिथे हसू दिसलं तर खुशाल हसायचं. नाही दिसलं तर पदर तोंडात.

आता पुरुषांच्या वॉर्डाकडे येते, कारण राहीचं नाव झालं ते तिथे.

तिकडे आंघोळी घालायचं काम काशीरामकडे. काशीराम वाईट नव्हता हो. त्याच्याकडे ओळीने खाटा आणि एकट्याचे दोन हात. एका टोकाला सुरुवात करायचा. पांघरूण काढ, कपडे काढ, ओल्या फडक्याने पूस, पुढे चल. आडोसा कसला नव्हताच. कोणी डोळे मिटून घेई, कोणी भिंतीकडे बघे.

त्या वॉर्डात धाकू तांडेल होता. तांडेल म्हणजे गलबताचा मुख्य, दर्यावर मोठं नाव असलेला माणूस. वादळातून गलबत काढून आणलेलं, मुंबईपासून मंगळूरपर्यंत बंदरं पाठ. फळीवरून घसरून मांडीचं हाड मोडलं होतं आणि पायाला वजन बांधून त्याला उताणा ठेवला होता. तरी त्याचा रुबाब कायम. राही त्याला "तांडेलानू" म्हणायची आणि तो तिला वाऱ्याची दिशा सांगायचा.

एके दिवशी सकाळच्या आंघोळी राहून गेल्या. काशीराम दुपारी, भेटायला येणाऱ्यांच्या वेळेला त्या करत होता. तांडेल खाटेवर आईने जन्म दिला तसा. आणि दारातून आत आले रावजी, त्याचे व्याही. मंडणगडकडून, बाणकोटहून होडीने मुद्दाम आलेले, नवं उपरणं घालून, हातात शहाळं घेऊन.

रावजी सज्जन माणूस. त्यांनी झटकन आढ्याकडे बघितलं. आढ्याकडे बघतच खाटेपर्यंत आले, स्टुलाला अडखळले, आढ्याकडे बघतच म्हणाले, "व्याहीबुवा, तुमच्याकडं आंब्याला मोहर कसा काय?" शहाळं त्यांनी काशीरामच्या हातात दिलं. फडकं टाकून काशीराम शहाळं घेऊन उभा. तांडेलाने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. बाकी काही झाकायला हात उरले नव्हते.

ऐकताना हसू येतं ना? काशीरामने सांगितलं तेव्हा मलाही आलं. पण तांडेलाने त्या दिवसापासून भिंतीकडे तोंड फिरवलं ते फिरवलंच. पेज नको, दूध नको, औषध नको. डॉक्टरांनी समजावलं, मार्थाबाईंनी दटावलं. तो ओठ मिटून पडून. डॉक्टर आम्हाला म्हणाले, "हाड जुळतंय. पण हा माणूस असाच राहिला तर हातचा जाईल."

राही त्याच्या खाटेजवळ गेली. आधी विचारलं, "तांडेलानू, बसू काय?" ती उभीच राहिली. बऱ्याच वेळाने भिंतीकडून आवाज आला, "बस."

ती बसली.

"मी आता तांडेल नाय," तो म्हणाला. "उघडा म्हातारा हाय. व्याह्यानं बघितला. आता माजी पोर त्याला रोज जेवन वाढंल, आनि तिच्यात त्याला मी दिसंन. तसा."

राहीला पोटातून हसू आलं होतं, हे तिने मला नंतर सांगितलं. तिने पदर तोंडात धरला. मग हसू गेलं. तिने विचारलं, "गलबतावर आंगोळ कशी करायचात? तिथं पन सगळे गडी-मानसंच ना?"

"गडी असले म्हनून काय झालं?" तांडेल एकदम तिच्याकडे वळला. "तांडेल आंगोळीला बसला की शिडाचा आडोसा करतात. गलबताची रीत हाय ती!"

राही उठली. ती अजून जराशी लंगडायची, तरी वॉर्डातून पळाली.

मार्थाबाई आधी नाही म्हणाल्या. मग म्हणाल्या, एका खाटेपुरतं करून बघू. राही सुट्टी काढून मिऱ्याला बापाकडे गेली. भागोजी, तिचा बाप, मचवेवाला. त्याच्या माळ्यावर एक जुनं शीड घडी घालून ठेवलेलं होतं. "इस्पितळात शीड?" तो म्हणाला. "बाय, तुमचं इस्पितळ चाललंय कुठं?" पण आला. खांद्यावर शीड, गळ्यात दोराची वेटोळी, कमरेला लाकडी कप्पी बांधून आला.

शीड आम्ही सोड्याने धुतलं, रिठ्याने धुतलं, उन्हात टाकलं. तरी त्याला सुक्या बांगड्याचा वास येतच होता. तो वास काढत कुठून तरी एक मांजर वॉर्डात आलं आणि तिथलंच झालं.

भागोजी शिडीवर चढून आढ्याला कप्पी बांधू लागला. तांडेल भिंतीकडे तोंड करून पडलेला. दोर ओढल्याचा आवाज आला तसा त्याने एक डोळा उघडला. मग दुसरा. मग म्हणाला, "तसली गाठ सुटंल."

"नाय सुटत," भागोजी वरून म्हणाला.

"मी सांगतो सुटंल! डावीकडून घे. अरे, डावीकडून! तुला कोनी गाठ शिकवली?"

"माज्या बापसानं!"

"मग त्याला पन येत नव्हती!"

दोघं म्हातारे असे जुंपले की बाकीच्या खाटांवरची माणसं उठून बसली. निम्मे लोक खारवी, भंडारी, दर्यावरचे. प्रत्येकाची गाठ वेगळी. त्या गोंधळात राहीने पेजेची वाटी तांडेलाच्या हातात दिली. भांडता भांडता त्याने ती पिऊन टाकली आणि वाटी तिच्याकडे पुढे केली, भागोजीवरची नजर न काढता. तिने परत भरून दिली. मी दारामागे उभी राहून पदराने डोळे पुसत होते. हसून की रडून, मलाच ठाऊक नव्हतं.

"आता वर घ्या!" तांडेलाने हुकूम सोडला.

शीड वर गेलं. फडफडलं, उभं राहिलं. खाटेच्या तिन्ही अंगांनी आडोसा झाला. वॉर्डाने एकच आरोळी ठोकली. आणि त्याच वेळी डॉक्टर फेरीला आत शिरले, अर्थात खाकरत, आणि दुपारचा दर्यावरचा वारा समोरच्या खिडकीतून आला.

शिडाचं काम वारा धरायचं. त्याने धरला. ते ढोलासारखं फुगलं, दोर काशीरामच्या हातातून सटकला आणि सगळं कापड डॉक्टरांवर, काशीरामवर आणि मांजरावर येऊन पडलं. आतून डॉक्टर ओरडत होते, मांजर ओरडत होतं, काशीराम देवाचं नाव घेत होता. तांडेल खाटेवरून गर्जत होता, "दोर सोडा! वारा मागनं हाय! खिडकीकडच्या गड्या, झोपलास काय?" खिडकीजवळचा, ज्याला आम्ही आधी गळू म्हणायचो तो आत्माराम, जागेवरून हात लांबवून खिडकी लावायला धडपडत होता. राही दोन्ही हातांनी कापड ओढत होती आणि मला म्हणत होती, "कमळे, मला हसायचं नाय! मला हसू नको देऊ!"

डॉक्टर बाहेर आले. केस उभे, चष्मा एका कानावर. वॉर्ड चिडीचूप. मार्थाबाई दारात. डॉक्टरांनी चष्मा नीट केला, तांडेलाकडे गेले, एकदा खाकरले आणि म्हणाले, "नाडी बघू का?"

"बगा," तांडेल म्हणाला.

त्यांनी नाडी बघितली. राहीच्या हातातली रिकामी वाटी बघितली. "चांगली चाललीये," ते म्हणाले. "मार्थाबाई, शीड राहू दे. फक्त उभारताना खिडकी लावत जा."

राही मटकन खाली बसली आणि हसली. आता सगळ्यांच्याच डोळ्यांत हसू होतं. डॉक्टरांच्याही.

काशीराम तेवढा कुरकुरला. प्रत्येक खाटेशी शीड उभारायचं म्हणजे काम वाढलं. राही त्याच्यावर रागावली नाही. "वाढलं खरं," ती म्हणाली. त्यावर आत्मारामनेच तोड काढली. हातपाय धड असलेल्यांनी दोर ओढायचा. झालं! सकाळ झाली की वॉर्डात धांदल. "शीड वर!" "शीड खाली!" ज्यांना महिनोन् महिने कोणी काही काम सांगितलं नव्हतं त्यांना काम मिळालं. काशीराम पाण्याची बादली घेऊन नुसता पुढे जायचा, आणि शिडाच्या आत जाण्याआधी म्हणायचा, "येऊ काय?" हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

तांडेलाला घरी सोडायचा दिवस ठरला तेव्हा न्यायला रावजीच आले. तांडेलाने त्यांना दाराशी उभं करायला सांगितलं आणि शीड वर घ्यायला लावलं. आतून बराच वेळ खुडबूड चालली. काशीरामला आत घेतलं, राहीला नाही. रावजी सवयीने आढ्याकडे बघत उभे.

मग आतून गंभीर आवाज आला, "शीड खाली!"

दोर सुटला, कापड उतरलं. तांडेल दोन पायांवर उभा! स्वच्छ धोतर, काळा कोट, डोईला मुंडासं, मिशीला तेल, हातात काठी, पण काठी टेकलेली नाही, तलवारीसारखी धरलेली. वॉर्डातल्या माणसांनी खाटांवर थापा मारायला सुरुवात केली. रावजींनी आढ्यावरून नजर खाली आणली, व्याह्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि वाकून रामराम घातला.

"व्याहीबुवा," तांडेल म्हणाला, "यंदा मोहर चांगला हाय."

पुढे विश्वस्तांनी मांजरपाटाचे पांढरे पडदे करून दिले, दोन्ही वॉर्डांना. राही परिचारिकेची परीक्षा द्यायला बोटीने मुंबईला गेली, पहिल्यांदा नापास झाली, दुसऱ्यांदा पास झाली, आणि दोन्ही वेळा सासूसाठी बांगड्या घेऊन आली. गंगाराम बोटीवरची नोकरी सोडून आला तेव्हा गावात लोक त्याला "राहीबाईंचा घोव" म्हणून ओळखायचे. त्याला त्याचं काही वाटायचं नाही. मार्थाबाई थकल्या, तशी बायकांच्या वॉर्डाची सगळी जबाबदारी राहीकडे आली.

तेव्हाचीच ही गोष्ट. सन तीसच्या पुढची. बायकांसाठी नवी न्हाणी बांधायची ठरली. राहीने बाबू सुताराला सांगितलं, "दाराला आतून कडी हवी."

बाबूने डोकं खाजवलं. डॉक्टर मात्र ठाम होते. "नाही, राहीबाई. आत घेरी येऊन पडली तर? मागे एक पडली होती, विसरलात? दार तोडेपर्यंत जीव जाईल."

डॉक्टरांचं खरं होतं. त्या बाईला तिनेच उचललं होतं. पण ज्या बायकांनी घरी कधी उघड्या दाराशी अंगावर पाणी घेतलं नव्हतं, त्या इथे न्हाणीत एका हाताने दार धरून दुसऱ्या हाताने तांब्या ओतायच्या, तेही तिला दिसत होतं. दोन दिवस ती तोंड पाडून हिंडली. तिसऱ्या दिवशी सकाळी ती ओरडतच आली.

"गाऊ दे त्यांना!"

"काय?" डॉक्टर म्हणाले.

"आत असेपर्यंत गात राहायचं. गानं चालू तोवर बाय धड. गानं थांबलं की आमी हाक मारनार. ओ नाय आली, तर बाबूनं कडी अशी करायची की फटीतनं पट्टी घालून बाहेरनं उचलता येईल."

डॉक्टरांनी विचारलं, "आणि जिला गाता येत नाही ती?"

"तिनं शिव्या द्याव्यात," राही म्हणाली.

आणि तसंच झालं! सकाळी आमच्या वॉर्डात जे काही चालायचं ते सांगून खरं वाटणार नाही. न्हाणीतून कधी ओवी, कधी भूपाळी, कधी आरती, तीसुद्धा पाण्याच्या प्रत्येक तांब्याला एकदा दचकत. एक दर्यावर्दीची बायको शिमग्यातलं असलं काही गायची की मी कानावर हात ठेवायचे, आणि बोटं जरा फाकवून ऐकायचे. सगुणाबाई म्हणून म्हातारी होती, तिला सूर म्हणून नव्हता. ती आत गेली की सुनेच्या नावाने सुरू व्हायची, आणि तिचा आवाज ऐकून आम्हाला कळायचं की म्हातारीची छाती सुधारतेय. एकदा तर विश्वस्त मंडळी अंगणात आलेली. आतून सगुणाबाईंनी सुनेच्या माहेरच्या सात पिढ्या काढल्या. डॉक्टरांनी शांतपणे खुलासा केला, "आंघोळ चालू आहे."

मग तुळसा आली. आडगावची, नुकतं लग्न झालेली, पोटाचं ऑपरेशन होऊन उठलेली. लाजाळू इतकी की स्वतःचं नावसुद्धा हळूच सांगायची. पहिल्यांदा न्हाणीत जाताना तिने राहीला विचारलं, "कडी लावू? खरंच?"

"लाव गो. घट्ट लाव. फक्त गा."

कडी लागली. आतून अगदी बारीक आवाजात जात्यावरची एक ओवी आली. आम्ही कान लावून उभ्या. एक ओवी झाली. पाण्याचा आवाज. आणि मग गाणंच थांबलं.

सगळा वॉर्ड श्वास धरून. बाबूची पट्टी माझ्या हातात.

"तुळसा!" राहीने हाक मारली. "तुळसाबाय!"

काही नाही. मी पट्टी फटीला लावली.

तेवढ्यात आतून चांगला खणखणीत, चिडलेला आवाज आला. तसा तिचा आवाज आम्ही तोवर ऐकलाच नव्हता. "आवो, थांबा की! पुढची आठवतेय!"

खाटाखाटांवर बायका हसून लोटपोट. राहीने माझ्या हातातली पट्टी काढून घेतली आणि दाराकडे पाठ करून उभी राहिली.

"आठव गो," ती म्हणाली. "सावकाश आठव."